ड्राइव्हच्या तेलात पाणी आलंय, ७,४०० डॉलरचं एस्टिमेट भरायचं का?

मागच्या अंकात बोटीच्या विंटरायझेशनवर, म्हणजे हिवाळ्याआधी बोट बंद करून ठेवायच्या तयारीवर, दोन ओळी काय लिहिल्या, तीन पत्रं बोटींचीच आली, म्हणून या वेळी सदर त्यांनाच देतोय. पहिलं उत्तर लांब झालंय कारण त्या ताईंचे खरंच बरेच पैसे अडकलेत.

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही पश्चिम मिशिगनला राहतो. २०२१ मध्ये आम्ही एक सेकंडहँड बोट घेतली, २० फुटी, २००५ चं मॉडेल, मर्क्रूझर ५.० व्ही-८ आणि मागे अल्फा वन जेन टू ड्राइव्ह. ११,५०० डॉलरला मिळाली. चार उन्हाळे मुलांना ट्यूबवर फिरवलं, आईबाबा आले की संध्याकाळी लेकवर चहाचा थर्मास घेऊन जायचो, एकदाही त्रास दिला नाही. आता विंटरायझेशनला दिली तर शॉपवाला म्हणतो ड्राइव्हच्या तेलात पाणी आहे, गिंबल बेअरिंग खरखरतंय, बेलो चिरलेत, नवीन ड्राइव्हच टाका, सगळं मिळून ७,४०० डॉलर. मिस्टर म्हणतात विकून टाकू. मला हे सगळं एवढं अचानक कसं झालं तेच कळत नाहीये, काल तर बोट चालत होती! करायचं काय?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, घाबरून सही करू नका आणि घाबरून विकूही नका. तुमच्या एस्टिमेटमध्ये तीन वेगवेगळे आजार एका बिलात बांधलेत, ते आधी सुटे करू.

तुमचा अल्फा वन हा स्टर्नड्राइव्ह आहे, म्हणजे काय हे मिस्टरांना पण वाचून दाखवा. इंजिन बोटीच्या आत, गाडीसारखं, आणि पाय बाहेर, आउटबोर्डसारखा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनासारखा. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने ॲक्वामॅटिक आणलं तेव्हापासून मूळ रचना हीच आहे. इंजिनची ताकद आडव्या शाफ्टने मागच्या भिंतीतून, म्हणजे ट्रान्सममधून बाहेर जाते, मग अप्पर युनिटमध्ये काटकोनात खाली वळते, मग लोअर युनिटमध्ये परत काटकोनात वळून प्रॉपेलरला पोचते. म्हणजे ट्रान्समला भलंमोठं भोक आहे, ते पाण्याच्या पातळीला किंवा खालीच आहे, आणि तिथून जाणाऱ्या शाफ्टला पाण्यापासून वाचवते फक्त एक रबरी घडीची नळी, ॲकॉर्डियनसारखी. तोच तुमचा बेलो. उन्हाने, वयाने, आणि ड्राइव्ह वर उचलून महिनोन्महिने ठेवल्याने त्या घड्यांमध्ये चिरा पडतात. चीर पडली की पाणी आत, आत युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला वळू देणारा सांधा) आणि गिंबल बेअरिंग (ट्रान्समपाशी शाफ्टला आधार देणारं), दोन्ही गंजतात. म्हणून वळताना मागून गुरगुर ऐकू येते. आठवून बघा, या उन्हाळ्यात पूर्ण स्टिअरिंग मारलं की घरघर यायची का? बहुतेक यायची, फक्त मुलांच्या किंचाळण्यात लक्षात आली नसेल.

आता महत्त्वाचं. बेलोतून आलेलं पाणी आणि तेलातलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेलोच्या आत गिअर ऑइल नसतंच. त्यामुळे बेलो फाटला म्हणून तेल दुधाळ झालं असं सरसकट म्हणता येत नाही, तेलात पाणी शिरायची दारं वेगळी आहेत. शॉपवाल्याला तुमचा पहिला प्रश्न हाच हवा : पाणी कुठून शिरलं? याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर नवीन ड्राइव्हचं एस्टिमेट हा अंदाज आहे, निदान नाही.

दारं कुठली ते सांगतो. सगळ्यात जास्त मी पाहिलंय ते प्रॉपेलर शाफ्टचं सील, म्हणजे शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी. लेकमध्ये मासेमारीची नायलॉन दोरी पडलेली असते, प्रॉपेलर ती ओढून घेतो, ती शाफ्टभोवती गुंडाळत जाते आणि सीलच्या ओठाखाली घुसते. मी स्वतः एका बोटीचा प्रॉपेलर काढला तेव्हा मागे करंगळीएवढ्या जाडीचा हिरवट गुंडा बसला होता, घट्ट, उष्णतेने अर्धवट वितळून एकजीव झालेला, चाकूने कापून काढावा लागला आणि खाली सीलवर दोरीच्या जाडीची सरळ खाच. एवढ्याशा खाचेतून अख्ख्या उन्हाळ्याचं पाणी आत गेलं होतं. दुसरं दार, गिअर बदलणाऱ्या शिफ्ट शाफ्टचं सील. तिसरं, अप्पर आणि लोअर जिथे जुळतात तिथली ओ-रिंग. वॉटर पंपाच्या खालची ड्राइव्हशाफ्टची सीलं पण असतात. आणि एक दार इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही, ड्रेन स्क्रूचे वॉशर. तेल बदलताना ते दरवेळी नवीन टाकायचे असतात, जुनाच चपटा झालेला वॉशर परत लावला की पाणी झिरपतं. काही सेंटचा माल.

हे शोधायची पद्धत ठरलेली आहे. ड्राइव्ह उतरवायचा, तेल काढायचं, मग आत हवा भरून प्रेशर टेस्ट करायची, साधारण १५ पीएसआयच्या आसपास, काटा काही मिनिटं हलता कामा नये, आणि त्या वेळात शाफ्ट हाताने फिरवत राहायचं कारण काही सीलं थांबलेल्या शाफ्टवर धरतात आणि फिरताना सोडतात. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात. त्यानंतर आतली हवा ओढून व्हॅक्यूम टेस्ट, कारण सीलचा ओठ आतून दाब आला की बसतो पण बाहेरून दाब आला की उघडतो असंही होतं. अप्पर-लोअर सुटे करून दोन्हीची वेगळी टेस्ट केली तर दोषी कोण ते नक्की कळतं. या कामाला तास-दोन तासांची मजुरी द्या, आनंदाने द्या.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय, तर माझ्या पहिल्या बोटीला मी टेस्टचे हेच पैसे खर्च केले नाहीत म्हणून. तेल दुधाळ आलं, एका शॉपने लोअर युनिट पूर्ण रिबिल्ड करून दिलं, १,९०० डॉलर घेतले, मी विचारलंच नाही पाणी कुठून आलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तेल परत तसंच, अगदी कॉफीत दूध घातल्यासारखं. मग दुसऱ्या मेकॅनिकने प्रेशर टेस्ट केली तर गळती अप्परच्या बाजूला होती, लोअरला पहिल्यांदा काहीच झालं नव्हतं! तोपर्यंत त्या नव्या बेअरिंगना पण गंजाचे ठिपके आले होते, तेव्हा सगळं परत उघडावं लागलं.

आता तेल. शॉपवाल्याला सांगा काढलेलं तेल फेकू नका, मला दाखवा. दुधाळ असेल तर पाणी मिसळून घुसळलं गेलंय. आधी स्वच्छ पाणी येऊन मग बऱ्यापैकी तेल आलं असेल तर पाणी बोट उभी असताना शिरलंय आणि फार फिरलेलं नाही, ती जरा बरी बातमी. ड्रेन स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असतो, तो नॉर्मल आहे, घाबरायचं नाही. पण त्यात नखाला टोचतील असे धातूचे कपचे असतील तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय आणि मग गोष्ट मोठ्या बिलाकडे जाते. दुधाळ तेलात बोट एक-दोन वीकेंडच चालली असेल तर बेअरिंग बऱ्याचदा वाचतात, अख्खा उन्हाळा चालली असेल तर उघडून बघावंच लागेल.

पैशांचं बोलू. तुमच्या भागात मरीन शॉपचा तास साधारण १३० ते १८० डॉलर धरा. बेलो, गिंबल बेअरिंग, शिफ्ट केबल आणि त्याच वेळी वॉटर पंपाचा इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चक्र), एवढं सगळं एकत्र केलं तर मी पाहिलेली बिलं ९०० ते १,६०० च्या मध्ये असतात. हे तुम्हाला करावंच लागणार आहे, त्यात घासाघीस करू नका. बेलो फाटलेला ठेवून बोट डॉकला बांधली तर पाणी गिंबल बेअरिंगमधून थेट बोटीत येतं, त्यामुळे बोटी बांधल्या जागी बुडालेल्या आहेत. अल्फामध्ये इम्पेलर ड्राइव्हच्या आत असतो, अप्पर-लोअर सुटे केल्याशिवाय मिळत नाही, म्हणून एकदा उघडलंय तर तो बदलूनच घ्यायचा, जुना कितीही चांगला दिसू दे.

फक्त सीलं बदलून प्रेशर टेस्ट करून द्यायचं असेल तर वर अजून ६०० ते १,२०० धरा. लोअरचे गिअर-बेअरिंग गेले असतील तर रिबिल्ड १,५०० पासून पुढे २,८०० पर्यंत जाऊ शकतं. आणि इथे तिसरा रस्ता आहे जो तुमच्या एस्टिमेटमध्ये नाही. अल्फा हा इतका खपलेला ड्राइव्ह आहे की त्याच्या जागी बसणारे नवीन आफ्टरमार्केट ड्राइव्ह वॉरंटीसकट मिळतात, आणि ते मूळ कंपनीच्या नव्या ड्राइव्हच्या साधारण अर्ध्या किमतीत पडतात. अप्पर-लोअर दोन्ही खराब निघाले तर दोन्ही रिबिल्ड करण्यापेक्षा हा पर्याय मला जास्त पटतो. एवढंच की गिअर रेशो, म्हणजे इंजिनच्या किती फेऱ्यांना प्रॉपेलरची एक फेरी, तोच हवा, चुकीचा रेशो घेतला तर इंजिन एकतर आरपीएम गाठत नाही नाहीतर मर्यादेच्या वर जातं. रेशो ड्राइव्हवरच्या मार्किंगवर असतो, पुसला गेला असेल तर अप्परच्या सिरियल नंबरवरून डीलर सांगतो. ३.० च्या फोर सिलेंडर बोटीवरून काढलेला ड्राइव्ह कोणी स्वस्तात देतोय म्हणून तुमच्या व्ही-८ ला लावू नका, दिसायला तोच पण आतून वेगळा.

गिंबल बेअरिंग बदलताना अजून एक काम शॉपकडून लिहून घ्या, इंजिन अलाइनमेंट. एक लांब जाड सळई गिंबल बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागात, घालतात, ती हाताने सहज आत-बाहेर व्हायला हवी. अलाइनमेंट चुकलेली असेल तर नवीन बेअरिंग पण खरखरायला लागतं आणि कपलरचे दाते खाल्ले जातात. कपलर गेला तर इंजिन पुढे सरकवावं किंवा उचलावं लागतं आणि मग एका रबर-ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी हजार-दीड हजाराचं बिल येतं. मी तर अलाइनमेंट चेक लिहिल्याशिवाय बिलच भरत नाही.

मग विकायची का? हिशोब असा करा. प्रेशर टेस्टनंतर फक्त सीलचं दुखणं निघालं तर तुम्ही २,८०० च्या आत सुटाल, आणि ज्या बोटीचा तुम्हाला चार वर्षांचा अनुभव आहे, इंजिन चांगलं आहे, ती विकून अनोळखी बोट घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. दोन्ही युनिट गेली तरी आफ्टरमार्केट ड्राइव्ह धरून ४,५०० च्या आसपास काम व्हायला हवं. पण त्याआधी ट्रान्सम ठोकून बघायला सांगा, या वयाच्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरग्लासच्या आत प्लायवूड असतं, ते कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. ट्रान्सम कुजलेला निघाला तर मात्र मिस्टर बरोबर आहेत, त्यात नवीन ड्राइव्ह टाकू नका.

इन्शुरन्सला फोन जरूर करा. झीज आणि गंज पॉलिसीत सहसा बसत नाही, पण ड्राइव्ह उघडल्यावर प्रॉपेलर शाफ्ट वाकलेला दिसला म्हणजे पाण्याखाली काहीतरी आपटलंय, आणि ते बऱ्याच पॉलिसींत बसतं. म्हणून उघडतानाचे फोटो मागून ठेवा, दुरुस्तीनंतर फोटो काढून उपयोग नाही.

आणि वेळेचं. तुम्ही हे शरद ऋतूत लिहिताय हे चांगलंय. मिशिगनमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत शॉप मोकळी असतात, काही ठिकाणी हिवाळ्यात मजुरीत सूट पण देतात, मे महिन्यात मेमोरियल डेच्या आधी गेलात तर नंबर लागायलाच तीन आठवडे. फक्त ते पाणी मिसळलेलं तेल हिवाळ्यात आत राहू देऊ नका, पाणी गोठून फुगलं की ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं. तेल काढून घ्या आणि ड्राइव्ह घरी आणला तर उभा ठेवा, बोटीवरच राहिला तर पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे पाणी निथळतं आणि बेलोच्या घड्या पण ताणून राहत नाहीत.

प्रश्न : काका, मी अलिबागचा. आमची मांडव्याला एक स्पीडबोट आहे, डिझेल इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह, दोन पंख्यांचा. गेल्या वर्षी बोटीच्या तळाला रंग मारला तेव्हा पोरांनी ड्राइव्हला पण तोच रंग मारला, छान दिसत होता. या वेळी काढली तर रंगाखाली पांढरी भुकटी आणि ॲल्युमिनियमला खड्डे, एका ठिकाणी सुई जाईल एवढं भोक. वेल्डिंग करून चालेल का, की नवीनच घ्यावा लागेल?

उत्तर : दादा, वाईट वाटलं वाचून, कारण हे टाळता आलं असतं. बोटीच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून मारतात त्या अँटीफाउलिंग रंगात बहुतेक वेळा तांबं असतं. तांबं, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी हे तिघं एकत्र आले की बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तुमच्याकडे तर स्टेनलेसचे दोन पंखे असतील तर ते पण त्याच बाजूला ओढतात. ड्राइव्हसाठी तांबं नसलेला वेगळा रंग मिळतो, तोच वापरायचा, आणि तळाचा तांब्याचा रंग ट्रान्समवर पण ड्राइव्हपासून थोडं अंतर सोडून थांबवायचा. आणि मला खात्री आहे पोरांनी ॲनोडवर पण रंग मारलाय. ॲनोड म्हणजे ड्राइव्हला लावलेला धातूचा तुकडा, त्याचं कामच आधी झिजायचं आहे, त्याच्यावर रंग मारला की तो झाकला जातो आणि झिजणं ड्राइव्हच्या वाट्याला येतं.

वेल्डिंगबद्दल : बाहेरच्या पातळ पंखासारख्या भागाला, जिथे तेल नाही, तिथे ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारा चांगला माणूस असेल तर करून घ्या. पण भोक तेलाच्या भागात किंवा बेअरिंग बसतं तिथे असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने बेअरिंगची बैठक वाकडी होते, थोडे दिवस चालतं आणि परत उघडावं लागतं. तिथे हाउसिंग बदला. दोन पंख्यांच्या ड्राइव्हच्या लोअरमध्ये शाफ्ट दोन, एकात एक, गिअर पण जास्त, त्यामुळे त्याचं बिल साध्या एका पंख्याच्या ड्राइव्हच्या जवळजवळ दुप्पट होतं हे मनात धरून चला. शिवाय आपल्याकडे पार्ट बाहेरून येतात, कस्टम ड्युटी लागते आणि आठवडे जातात.

म्हणून ऑर्डर आत्ताच टाका. मेच्या अखेरीला गेटवे-मांडवा लाँच बंद होतात, बोटी वर घेतल्या जातात, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवण होते. इम्पेलर, बेलोचा संच, ॲनोडचा एक पूर्ण सेट आणि सीलचं किट एवढं घरात असायला हवं, कारण खाऱ्या पाण्यात या चार गोष्टी संपणारच. पावसाळ्यात बोट वर असताना ड्राइव्ह उतरवा, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, आणि ॲनोड अर्धा झिजला असेल तर बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका. खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड, मॅग्नेशियमचा नाही, तो गोड्या पाण्यासाठी असतो. ड्राइव्हच्या भागांना जोडणाऱ्या स्टीलच्या छोट्या पट्ट्या असतात, त्यातली एक जरी तुटली असेल तर त्या भागाला ॲनोडचं संरक्षण मिळत नाही, म्हणून मीटर लावून एकेक तपासा.

बोट वर्षभर पाण्यातच उभी राहणार असेल तर पुढच्या वेळी आउटबोर्डचा विचार करा असं मी मनापासून सांगेन. आउटबोर्ड पूर्ण पाण्याबाहेर उचलता येतं. स्टर्नड्राइव्हचा पाय वर केला तरी ट्रान्समवरचं गिंबल हाउसिंग पाण्यातच राहतं, त्यावर शंखासारखे जीव चिकटत राहतात आणि घड्यांमध्ये वाढले तर बेलो कापतात.

प्रश्न : न्यू जर्सीत लेक होपॅटकाँगजवळ एक १९९७ ची बोट ३,५०० ला मिळतेय. मालक म्हणतो ड्राइव्ह एकदम ओके. मला बोटीतलं काही कळत नाही, बघायला जाताना काय बघू?

उत्तर : मालकाला एकच विचार, ड्राइव्ह बोटीवरून शेवटचा कधी उतरवला होता? वर्षातून एकदा तो उतरवून बेलो बघायचे, युनिव्हर्सल जॉइंट आणि कपलरला ग्रीस द्यायचं, हे साधं नियमित काम आहे. "कधीच उतरवला नाही, गरजच पडली नाही" असं उत्तर आलं तर हजार-दीड हजाराचं काम तुझ्यासाठी राहिलंय असं धर आणि किमतीतून तेवढे कमी माग.

मग ड्राइव्ह वर करायला लाव आणि टॉर्च घेऊन बेलोच्या घड्या बोटांनी उघडून बघ, चिरा दिसतात. खालचा ड्रेन स्क्रू मालकासमोर अगदी थोडा सैल करून दोन थेंब तेल बोटावर घे, दुधाळ असेल तर तिथेच थांब. इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये प्रॉपेलर हाताने फिरव आणि मधलं टोक बघ, डगमगत असेल तर शाफ्ट वाकलाय. ड्राइव्ह धरून डावी-उजवीकडे हलव, स्टिअरिंग न हलता तो बराच हलत असेल तर गिंबल रिंग, म्हणजे ड्राइव्हला धरून वळवणारी कडी, झिजलीय आणि ते काम महाग आहे.

आणि इंजिनवर ओएमसी असं नाव असेल तर घेऊ नकोस. ती कंपनी २००० सालीच बंद पडली, ड्राइव्हचे पार्ट शोधत फिरावं लागतं, पहिलीच बोट घेणाऱ्याचं ते काम नाही. मर्क्रूझर असेल, तेल स्वच्छ असेल, तर लेकवर फिरवून आण, पूर्ण स्टिअरिंग दोन्हीकडे मारून आवाज ऐक, गिअर टाकताना खट् असा एकच आवाज हवा, करकर नको. पाण्यात फिरवून द्यायला मालक तयार नसेल तर ३,५०० देऊ नकोस.